भेंडीचं टोक

"आई, इथे भाजीला हात लावून बघत नाहीत," असं सुनेनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हापासून तीन महिने शालनताई हॅम्बुर्गच्या त्या गारठलेल्या, शांत दुकानात हात शालीखाली धरून फिरत होत्या. भाजी प्लॅस्टिकमध्ये निजलेली, माणसं गप्प. स्वप्नात बाजार करत असल्यासारखं वाटायचं; दिसायचं सगळं, हाताला काही लागायचं नाही.

आज भेंडी मात्र टोपलीत उघडीच होती. त्यांचा हात शालीबाहेर आला आणि तिथंच थबकला. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, कट्. क्षणभर त्या थेट मिरजेच्या मंडईत उभ्या होत्या.

समोर डोक्याला रंगीत फडकं गुंडाळलेली एक आफ्रिकी बाई भेंडीची टोकं मोडून बघत होती. कोवळी पिशवीत, जून परत टोपलीत. शालनताईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच एक टोक मोडलं. कट्. बाई हसली. आपल्या पिशवीतली मूठभर भेंडी तिनं त्यांच्या पिशवीत टाकली.

"इतकी कोवळी कुठं मिळाली?" जेवताना सुनेनं विचारलं.

"मैत्रिणीनं निवडून दिली," शालनताई म्हणाल्या.