सातवा भागीदार

“तुमच्यातली एखादी अमेरिकेला गेली तर?” असं म्हणत बेंद्रे वकिलांनी करारात आणखी एक कलम घातलं. भिशीतल्या सहा जणी मिळून पोळीभाजी केंद्रासाठी मंडईजवळ गाळा घेत होत्या. करार चाळीस पानांवर गेला होता आणि वकिलांची फी पानागणिक होती.

“काकू, आता शेगडीलाही पैसे उरणार नाहीत,” सुलू रडकुंडीला आली.

मालनकाकूंनी गालातल्या गालात हसत डबा उघडला आणि वकिलांपुढे पुरणपोळी सरकवली. “साहेब, फी कशाला घेता? सातवे भागीदार व्हा. नफा सात जणांत, खर्चही सात जणांत.”

दुसऱ्या पोळीला वकील ‘हो’ म्हणाले आणि लगेच लाल पेनानं कलमं खोडायला बसले. करार पाच पानांवर आला.

“टायपिंगला बाहेर देऊ?” काकूंनी साळसूदपणे विचारलं.

“छे! लेकाचे पानामागे पैसे घेतात. लुटतात हो नुसते!”