नोंद घेतली, सर

साहेब खुर्ची ओढून थेट ताईंच्या शेजारीच बसले आणि म्हणाले, "हं, दाखवा बघू तुमचं ते नवं ई-मेल."

कुलपांच्या कारखान्याच्या त्या कचेरीत साहेब कुणाच्या टेबलाशी येत नसत. लोकच त्यांच्या टेबलाशी जात, आणि अर्ध्या वाटेपासूनच मान डोलवायला लागत. ताई आवकजावक सांभाळायच्या. ई-मेलच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती महिनाभर पाच मशीनवर चालवून बघायची ठरली होती, त्यातलं एक मशीन त्यांचं. आज महिना भरला होता. अधीक्षकाच्या रिकाम्या जागेवर कुणाचं नाव लिहायचं, तेही साहेब आजच ठरवणार होते.

ताईंना ती जागा हवी होती, आणि उगाच नाही. सहा वर्षं अधीक्षकाचं काम त्यांनीच उपसलं होतं. अधीक्षक नुसती सही ठोकायचे, आणि सहीखाली तारीख कुठली घालू तेही ताईंनाच विचारायचे. दुसरं नाव होतं खरेदी विभागातल्या होयबाचं. साहेबांचं प्रत्येक पत्र होयबा छापून घ्यायचा, त्याला भोकं पाडायचा आणि फाइलला लावायचा. वाचायचा की नाही, ते देव जाणे.

साहेबांना पत्रं लिहायचा भारी नाद. दिवसाला तीन तरी सुटायचीच. 'पंखा बंद करण्याबाबत.' 'पंखा बंद करण्याबाबतच्या पत्राबाबत.' 'वरील पत्रात पंख्याऐवजी दिवा असे वाचावे, याबाबत.' ती सगळ्या कचेरीला जात आणि सगळी कचेरी एकच उत्तर देई: 'नोंद घेतली, सर.' त्यासाठी पत्र उघडायची काही गरज नसे. यादीत साहेबांचं नाव दिसलं की तिथल्या तिथे उत्तर ठोकायचं आणि चहाला पळायचं. जुना प्रोग्रॅम बिचारा मुकाट्याने सगळं सहन करायचा.

नवा मात्र भलताच आगाऊ निघाला. तुम्ही कुणाची पत्रं उघडत नाही, यावर तो डोळा ठेवायचा आणि तसली पत्रं आपणहून उचलून 'भंगार' नावाच्या कप्प्यात नेऊन टाकायचा. ताईंना पहिल्याच आठवड्यात ते कळलं. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. रोज संध्याकाळी त्या भंगारात उतरायच्या आणि एकगठ्ठा नोंद घेऊन वर यायच्या.

आता मात्र साहेबच शेजारी येऊन बसले होते. त्यांनी साहेबांना अक्षर मोठं करून दाखवलं. मग लहान करून दाखवलं. जुनं पत्र शोधायची सोय दाखवली, पडद्याचा रंग निळ्याचा हिरवा करून दाखवला आणि परत निळा केला.

"आणि माझी पत्रं कुठं दिसत नाहीत?" साहेब म्हणाले.

"आहेत ना, सर. अगदी सुरक्षित आहेत."

"माझ्याकडे तर सरळ समोरच येतात, सर!" दारातून आवाज आला. होयबा फाइल छातीशी धरून उभा होता. चालवून बघायच्या पाच मशीनपैकी एक त्याचंही होतं.

थाप तशी तयारच होती. प्रोग्रॅम नवा आहे, चुकतो अधूनमधून, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. यंत्राला काय, ते उलटून बोलत नाही. पण ताईंना एकाएकी वीट आला. त्या महिन्याचा नव्हे, सगळ्या वर्षांचा. असल्या नोंदी घेतघेतच अधीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसायचं असेल, तर मग आधीचे अधीक्षक काय वाईट होते? त्यांनी भंगाराचा कप्पा उघडला.

अठ्ठ्याहत्तर पत्रं. सगळी साहेबांची. एकही उघडलेलं नाही, आणि प्रत्येकापुढे उत्तर दिल्याची खूण.

साहेबांनी पडद्यावर बोट ठेवून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"न वाचताच नोंद घेतली?"

"हो, सर. न वाचताच," ताई म्हणाल्या. "याआधीही तेच करत होते. प्रोग्रॅमचा काही दोष नाही."

होयबाने दारात 'अरेरे' केलं. त्यात दुःख कमी आणि आनंद जास्त होता.

साहेब उठले. ताईंनी मनातल्या मनात त्या जागेवर पाणी सोडलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटलं. साहेब दारापर्यंत गेले, होयबाच्या नाकासमोर दार लावून घेतलं आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "सकाळपासून हाच कप्पा शोधत फिरतोय. तिघांच्या टेबलाशी जाऊन आलो. असला कप्पाच आमच्याकडे नाही म्हणतात, आणि मशीनला हात लावू देत नाहीत. म्हणजे पाचातल्या दोनच मशीनवर भंगार आहे, अधीक्षकबाई. तुमच्या आणि माझ्या."

अधीक्षकबाई हा शब्द ताईंच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग त्यांनी घाबरतच विचारलं, "तुमच्याकडे कुणाची पत्रं जातात भंगारात, सर?"

"प्रत्येक पत्राची एक प्रत मला स्वतःलाही येते ना," बंद दाराकडे बघत साहेब पुटपुटले. "माझीच."