संपलेली बॅटरी

सुनेने सासऱ्यांचा लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि सांगून टाकलं, बॅटरी बदलायची आहे, जमलं तर आत्ताच. पूर्वी दिवसभर चालायचा, आता अर्धा तासही धड चालत नाही. दुरुस्तीवालीने मान डोलावली. बॅटऱ्या म्हाताऱ्या होतातच, म्हणाली, भरताना आणि उतरताना दरवेळी थोडी ताकद जाते. तिने लॅपटॉप तपासणीला लावला आणि सुनेला स्टूल पुढे केलं.

खरं तर बॅटरीपेक्षा सूनच जास्त मेटाकुटीला आली होती. ती घरी बसून माहितीपुस्तिकांची भाषांतरं करायची. कपडे धुण्याचं यंत्र, केस वाळवण्याचं यंत्र, जे येईल ते. काम जेवणाच्या टेबलावर चाले, कारण प्लग तिथेच हाताशी होता. सासऱ्यांच्या खोलीतला प्लग कपाटामागे गेला होता आणि ते कपाट हलवणं कुणाच्या बापाला जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे रोज सकाळी तिने पहिलं वाक्य लिहायला घेतलं की सासरे दारात हजर. गळ्यात वायर, काखेत लॅपटॉप. "संपली गं," एवढं म्हणून ते समोरच्या खुर्चीत बसायचे.

साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्याआधी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात उभं आयुष्य गेलेलं. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. चूक दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे, मग ती औषधाच्या खोक्यावर असो की दुकानाच्या पाटीवर. एकदा तर डोळे तपासायला गेले आणि भिंतीवरच्या सूचनेतली चूक डॉक्टरांना दाखवून आले. समोरून त्यांना सुनेच्या लॅपटॉपची फक्त पाठ दिसायची, तरी सुटका नव्हती. "झाकण उघडू नये" असं ती पुटपुटली की समोरून प्रश्न यायचा, कोणी उघडू नये? मग झाकणावरून गप्पा निघत त्या दुपारच्या जेवणापर्यंत लांबत.

गप्पा वाईट नसत. पण मागच्या आठवड्यात एक पुस्तिका उशिरा गेली आणि कंपनीने स्पष्ट कळवलं, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ. नवरा म्हणाला, बाबांना सरळ सांग. ते तिच्या जिवावर आलं. सासूबाई गेल्यापासून त्यांच्याशी घसा कोरडा होईपर्यंत बोलणारं दुसरं होतं कोण? म्हणून तिने हा मधला मार्ग काढला. नवी बॅटरी आली की ते आपल्या खोलीत बसतील, गच्चीत बसतील, कुणाचं मन दुखवायला नको. सासरे दोनदा म्हणाले, राहू दे ना, कशाला उगाच. तिने ऐकलं नाही.

"ताई, ही बॅटरी बदलू नका," दुरुस्तीवाली म्हणाली. "जुनी आहे, पण अजून नव्यासारखी चालते. सतत शंभर टक्के भरून वायरीला लावून ठेवली, तापू दिली, की या लवकर मरतात. हिला ऐंशीच्या वर जाऊच दिलेलं नाही. ती सोय आपल्या हाताने चालू करावी लागते. ज्यांनी केलीये त्यांना पक्कं माहीत असणार, ही दिवसभर पुरते ते."

सून बघतच राहिली. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. लॅपटॉपखाली वारा खेळावा म्हणून सासरे लाकडाचे दोन ठोकळे ठेवायचे, तिला ते म्हातारपणचं खूळ वाटलं होतं. आणि वायर! तासाभराने ते ती काढून, नीट गुंडाळून बाजूला ठेवायचे. तरी खुर्चीतून उठायचे नाहीत. अर्धा तास न टिकणारी बॅटरी तिच्या नाकासमोर जेवणापर्यंत चालत होती आणि तिला पत्ता नव्हता. आधी तिला राग आला. मग हसू फुटलं. मग डोळे भरून आले, कारण लोकांच्या पाट्यांवरची चूकसुद्धा ज्याला खपत नाही, तो माणूस रोज सकाळी दारात उभा राहून खोटं बोलत होता.

ती घरी आली तेव्हा टेबलाची समोरची बाजू स्वच्छ पुसलेली होती. ठोकळे, शब्दकोश, चष्म्याची डबी, सगळं सासऱ्यांनी आपल्या खोलीत नेलं होतं. ते स्वतः खोलीच्या दारात उभे होते. बदलली का, असं त्यांनी विचारलं, पण तिच्याकडे न बघता.

"नाही बाबा," सून म्हणाली. "बॅटरी पार गेलीये म्हणे. आणि याची नवी कुठे मिळत नाही. तुम्हाला आता इथे प्लगजवळच बसावं लागणार. फक्त जेवणापर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. जेवण झालं की माझी पुस्तिका तुम्ही तपासायची, मग काय बोलायचं ते बोला."

सासऱ्यांनी चष्मा सारखा केला आणि तिच्याकडे पाहिलं. मुद्रित तपासताना पाहायचे तसं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. सुनेला वाटलं, आता सापडले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही चूक नाही."