हद्दीचा दगड

चिंतामणी मास्तरांनी हद्दीचा दगड ओलांडला आणि मेंढरांच्या कळपात धापा टाकत बसकण मारली. दगडाच्या अलीकडे इंग्रज सरकारचा मुलूख, पलीकडे संस्थान. मागून फौजदाराचा घोडा येत होता.

सोलापुरात मार्शल लॉ पुकारला होता. गोरे शिपाई भर रस्त्यात लोकांच्या गांधीटोप्या उतरवत होते, आणि मास्तरांनी नेमका हाच मुहूर्त साधून शाळेवर तिरंगा चढवला होता. सापडले तर सक्तमजुरी ठरलेली. घरी रुक्मिणीला सातवा महिना.

कळप केराबाईचा, एका धनगर म्हातारीचा. मास्तरांना ओळखून ती लगबगीनं उठली. काही बोलणार, तोच फौजदार दोन शिपायांसह येऊन ठेपला.

त्यानं लगाम खेचला. दगड शेंदरानं माखलेला होता, तरी खालची 'संस्थान हद्द' ही कोरीव अक्षरं वाचता येत होती. तसं राजेसाहेबांचं राज्य ते केवढं! साहेबानं डोळे वटारले की गार. पण हद्दीचं सोवळं दोघंही कडक पाळत. परवानगीवाचून शिपायानं पलीकडे जाऊन कुणाला धरलं, की कागदी घोडे थेट मुंबईपर्यंत नाचत आणि गरिबाची नोकरी जाई.

"ए म्हातारे, ढकल त्याला अलीकडं!" फौजदार ओरडला.

केराबाई हलली नाही. तिचे हात इतके कापत होते की काठी गळून पडली. मास्तरांना तिची कणव आली. संस्थानच्या मुलखात राहूनही बिचारी इंग्रजांच्या पोलिसाला भिते! त्या कणवेनंच त्यांना बळ आलं. ते उठून उभे राहिले.

"फौजदारसाहेब, इथं तुमचं राज्य नाही."

फौजदारानं दातओठ खाल्ले. "संस्थानच्या ठाण्यावर चाललोय. तिथल्या हवालदारालाच घेऊन येतो. मग बघू कुणाचं राज्य ते." त्यानं घोडा सडकेकडे वळवला. शिपाईही मागोमाग गेले.

धुरळा खाली बसला. मास्तरांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. वाचलो, रुक्मिणीचं कुंकू वाचलं.

"घाबरू नका, आजी. हवालदार येईतो मी राजवाड्यावर जाऊन आसरा मागतो. आता जरा पाणी द्या, दम खातो."

केराबाईनं पाणी दिलं नाही. तिनं मास्तरांचा दंड धरून त्यांना पुढं लोटलं.

"बसू नगा मास्तर, पळा! त्यो हवालदार आला की वळखंल. ह्यो धोंडा हितला न्हवंच की. मेंढरांस्नी राखाया देव पायजे म्हणून आमच्या सासऱ्यानं वढ्यावरनं उचलून हितं बशिवला. संस्थान अजून कोसभर फुडं हाय."