डावी ओढ

कळमेश्वरहून भाजी आणताना झिबलनं पिकअप पुन्हा डावीकडच्या खांबाला ठोकली. "मालक, गाडी डाव्या अंगाले ओढते," तो सांगतच होता, तोवर भैयाजीचा उजवा हात अंगठीसकट त्याच्या कानाखाली बसला. सगळ्यात पहिला मार उशिरापायी पडला होता. नंतरचे सगळे गाडी ठोकली म्हणून.

गणेशपेठेतल्या गॅरेजात बाबनराव मिस्त्रीनं स्टेअरिंगचा वाकलेला दांडा काढून ऐरणीवर ठेवला. "एका बाजूनं वाकला, तं दुसऱ्या बाजूनं ठोकाव लागते," म्हणत घणानं सरळ केला, परत बसवला, स्वतः चक्कर मारून आला. गाडी नाकासमोर चालली.

मग झिबल स्टेअरिंगवर बसला, आणि फाटकाशी पोचायच्या आतच डावी बाजू भिंतीला घासली.

"ढोसून आला काय बे?" भैयाजीनं त्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि पुन्हा वाजवली. झिबलच्या डाव्या कानातून रक्त मानेवर उतरलं.

बाबनराव मध्ये पडला. "झिबल, इकडं ये गा, माह्याकडे."

झिबल सरळ निघाला आणि कलंडत कलंडत डावीकडच्या ड्रमवर जाऊन आदळला.

"गाडीत काहीच नाही, भैयाजी. तुमचा उजवा हात याच्या डाव्या कानावर बसते. कान फोडला तुमी त्याचा. आता माणूसच डावीकडे ओढून राहिला."

भैयाजीनं ऐरणीकडे पाहिलं, उजव्या हातातली अंगठी काढली आणि सावकाश डाव्या हाताच्या बोटात चढवली.