दारापर्यंतची पावलं

"भाऊ येत आहेत," फोनने सांगितलं आणि पोळी लाटणाऱ्या रेवतीचे हात थांबले. मिरजेच्या गल्लीबोळांत फोनची नवी फायबर केबल पुरल्यापासून रस्त्यावरचं प्रत्येक पाऊल त्या केबलला जाणवायचं आणि चालीवरून कोण येतंय ते फोन घराघरांत आधीच सांगायचा. ती केबल कधी बंद पडत नसे, कधी चुकत नसे.

रेवतीने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हापासून भाऊ, तिचे वडील, तिच्याशी बोलले नव्हते.

"भाऊ दारात आहेत," फोन म्हणाला. रेवती हात पुसत दाराशी गेली, पण तिने कडी काढली नाही. एवढी वर्षं अबोला त्यांनीच धरला होता. निदान बेल तरी त्यांनी वाजवावी, असं तिला वाटलं. बराच वेळ बाहेर काहीच आवाज झाला नाही. मग फोन म्हणाला, "भाऊ परत जात आहेत." तिला राग आला. तिने त्यांना जाऊ दिलं.

त्याच महिन्यात भाऊ झोपेतच गेले. दिवसकार्य उरकल्यावर आई म्हणाली, "तुझ्याकडे आले होते ना गं ते? घरी येऊन म्हणाले, मी दारात उभा आहे हे तिला ठाऊक होतं, तरी तिने दार उघडलं नाही. तिला मी नकोच आहे."

"आई, मी आत उभीच होते," रेवतीला रडू आवरेना. "ते बेल वाजवतील म्हणून मी थांबले होते."

आई तिच्याकडे बघतच राहिली. "बेल? अगं, आता बेल कोण वाजवतं?"