जागचं हलू नका

"म्हणजे बघा, पाय मुरगळलाय की मोडलाय तेच कळत नाही," फोनवरचा माणूस म्हणाला, आणि स्ट्रेचरचा पट्टा शिवणाऱ्या वहिनीची सुई तिथेच थांबली.

हा आवाज तिने हजारांत ओळखला असता. दर दोन वाक्यांआड 'म्हणजे बघा'. चौकशीच्या दिवशी मागच्या बाकावर बसून तिने तो पोटभर ऐकला होता. तिचा नवरा डोंगरात गेला तो याच्याच सोबत, आणि परत आला तो हा एकटाच. म्हणजे बघा, मी लाख समजावलं, पण गडी एका जागी थांबेल तर शपथ. भरकटला. लोकांनी माना डोलावल्या. मेलेला माणूस काय उठून उत्तर देणार होता? तेव्हापासून गावभर एकच, की स्वतःच्या आगाऊपणाने मेला. वहिनीने त्या दिवशी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, आणि हा परगावचा, त्यामुळे तिचा आवाज याच्या ओळखीचा असण्याचं कारण नव्हतं.

पुढे ती बचाव पथकाचं काम शिकली आणि फोनवर बसू लागली; पथकातली पोरं तिला वहिनीच म्हणत. पथकाचे प्रमुख नाना म्हणजे तिचे सासरेच, आणि पथकाची खोली म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. पोटचा पोरगा गेला तरी म्हाताऱ्याचं एकच पालुपद, "अडकलेला माणूस आधी, वैर नंतर." आत्ता ते मागच्या अंगणात मोटर लावून दोर धूत होते.

"कुठे आहात?" तिने विचारलं.

"ओढ्याच्या वर, दोन सुळक्यांच्या मधल्या घळीत. ताई, मी ओढ्याकाठाने सरकत खाली येऊ का? पाणी जातं तिकडे वस्ती असतेच की."

वहिनीला तो ओढा ठाऊक होता. त्या ओढ्याच्या पुढे सरळसोट कडा होता. नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश. एक अक्षर. ते तिच्या जिभेवर आलंही, आणि का येऊ नये? ज्याच्या नावाने इतकी वर्षं बोटं मोडली तो मोडक्या पायाने का होईना, आपण होऊन दारात आला होता.

तिने सुई टेबलावर ठेवली.

"अजिबात नको. पुढे कडा आहे. जागचं हलू नका. एक मिनिट थांबा."

रिसीव्हर टेबलावर ठेवून ती मागच्या दारापर्यंत जाऊन आली.

"पथक निघतंय. कपडे भिजलेत?"

"ओढ्यातच आपटलो ना."

"ओले काढून पिळा. बॅगेत कोरडं असेल ते अंगात घाला. दगडावर बसू नका, दगड अंगातली ऊब ओढून घेतो. वाळका पाला बुडाखाली घ्या, सदऱ्यातही कोंबा. लाजू नका, तिथे बघायला कोण आहे?"

तो कण्हत हसला. "म्हणजे बघा, बुजगावणंच झालं माझं. जाळ करू का थोडा?"

"गवत वाळून कडकडीत झालंय. वणवा लागला तर पळणार कुठल्या पायावर?"

"शिट्टी आहे माझ्याकडे."

"माणसांची चाहूल लागली की मग वाजवा. आत्तापासून दम घालवू नका. घरी सांगून निघालात ना?"

"नाही हो. चार दिवस एकटं राहावं म्हटलं. तुमचा नंबर खडकावर रंगवलेला दिसला, म्हणून पहिला तुम्हालाच लावला. बॅटरी पण संपत आलीय."

फोन इथेच ठेवायला हवा होता. पण वहिनीला राहवेना.

"डोंगर पायाखालचा दिसतोय तुमच्या. आधी आला होतात?"

"मित्राबरोबर. तो इथेच गेला."

"भरकटला?"

खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं. ते त्याच्यात उरलं नव्हतं.

"नाही, ताई. त्याचा पाय मोडला होता. मी म्हटलं, इथेच थांब, मदत घेऊन येतो. आडवाटेने जायचा हट्ट माझा होता. खाली आलो आणि वाटलं, लोक मलाच धरतील. घरी जाऊन पांघरूण घेऊन पडलो. दुसऱ्या दिवशी शोधायला निघालेल्यांना जागाही भलतीच दाखवली. मागाहून सापडला तो मी सोडला होता तिथेच. तो बिचारा थांबला होता. शेवटपर्यंत."

वहिनीचे डोळे घळाघळा वाहू लागले. म्हणजे तिचा नवरा आगाऊ नव्हता. शहाण्यासारखा, शिकवल्याप्रमाणे, दिल्या शब्दावर विसंबून बसून राहिला होता. हे एकदा कानांनी ऐकायचं म्हणून तर ती या खुर्चीला चिकटून होती.

"ताई, आहात ना?"

"आहे." तिचा आवाज आता लोण्यासारखा मऊ झाला होता. "बरं झालं बोललात. मन हलकं झालं असेल. आता फोन बंद करून टाका, उगाच इकडेतिकडे लावून बॅटरी घालवू नका. पाला नीट लपेटा आणि बसून राहा."

"येतील ना नक्की?"

"मी आहे ना. निर्धास्त असा."

पलीकडे फोन बंद झाला. वहिनीने डोळे पुसले, सुई उचलली आणि पट्ट्याचा राहिलेला टाका घालून दोरा दाताने तोडला. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावरची उन्हं उतरत होती.

मागची मोटर थांबली. नाना ओले हात झटकत आत आले.

"सूनबाई, मघाशी फोन वाजला का गं? मोटरच्या आवाजात काही कळलं नाही. कोणी अडकलं असेल तर सांग, पोरांना हाक मारतो. बूट पायात आहेतच."

"चुकून लागला होता, नाना," ती म्हणाली. "काढा बूट. जेवायला वाढते."